शिक्षकाच्या मतांचें मोजमाप

शिक्षकास त्याचें तत्त्वज्ञान विचारलें, तर तो बहुधा ग्रंथांतील उत्तर देतो; परंतु अभ्यासक्रमांत काय असावें आणि तें कोणीं ठरवावें, असें विचारतांच त्याचें मन उघडें होतें. जॉन ड्यूई यांनीं १९०२ सालींच बालक आणि अभ्यासक्रम यांतील विरोध खरा नव्हे, असें प्रतिपादिलें होतें. तथापि शिक्षकांचे दोन तट कायम राहिले. पुढें १९२८ सालीं थर्स्टन यांनीं मनोवृत्ति मोजतां येते असें मांडलें, आणि १९३२ सालीं लिकर्ट यांनीं संमति-असंमतीच्या पांच पायऱ्यांची सुटसुटीत पद्धति दिली.

हीं साधनें हातीं आल्यावर पुरोगामी आणि परंपरानिष्ठ हीं एकाच काठीचीं दोन टोकें, असें समजणें स्वाभाविक होतें. फ्रेड कर्लिंजर यांच्या १९५८ सालच्या संशोधनानें या समजुतीस धक्का दिला. हे दोन स्वतंत्र गुण आहेत, एक वाढला म्हणून दुसरा घटतोच असें नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ लहान नाहीं. पाढे पाठ करून घेणारा शिक्षक मुलाच्या कुतूहलासही तितकाच मान देत असेल, तर एकाच काठीवर तो अधांतरीं दिसेल, आणि परीक्षक त्यास गोंधळलेला ठरवतील. शिवाय कागदावरील संमति म्हणजे वर्गांतील वर्तन नव्हे. म्हणून अशा मापानें शिक्षकानें स्वतःस पारखावें. त्यावरून त्याची बढती ठरवूं नये.