जर्मन भाषा आणि टोकियोचें सोफिया विद्यापीठ

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या वेळीं आपण ज्यांचें प्रथम स्मरण करतों ते आपले जुने धर्मगुरु होत. पुणें व अहमदनगर या बाजूच्या ख्रिस्ती मंडळीस हें सांगावयास नकोच कीं, या धर्मगुरूंपैकीं पुष्कळ जण जर्मन होते. त्यांनीं आपल्या खेड्यांत शाळा काढल्या त्या मराठी. येशूसंघानें सन १८६९ मध्यें मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालय स्थापिलें त्याची शिक्षणभाषा इंग्रजी. आपली मातृभाषा त्यांनीं येथें कोणावर लादली नाहीं. परंतु त्याच येशूसंघाच्या त्याच जर्मन शाखेनें सन १९१३ मध्यें टोकियो येथें जें विद्यालय उघडलें, त्यांत जर्मन वाङ्मय हा पहिल्या दिवसापासून एक मुख्य विषय होता. एकाच संघानें दोन देशांत असा भिन्न मार्ग कां धरला, आणि त्या जर्मन विषयाचें पुढें काय झालें, याचा थोडा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

या कथेचा आरंभ आपल्या गोव्यापासून होतो. संत फ्रान्सिस झेवियर सन १५४९ च्या एप्रिल महिन्यांत गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजीं जपानांतील कागोशिमा येथें उतरले. जपानच्या राजधानींत एक ज्ञानपीठ व्हावें अशी त्यांची इच्छा होती, असें त्या विद्यापीठाच्या परंपरेंत सांगतात. ती इच्छा फळास येण्यास साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लागला. सन १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. बंदीचे जाहीर फलक उतरले ते सन १८७३ मध्यें. पुढें फादर योसेफ डालमान या जर्मन येशूसंघीय पंडितानें आशियाचा दीर्घ प्रवास केला. या गृहस्थांचें नांव आपणांस परकें वाटूं नये. ते संस्कृतज्ञ होते. महाभारत हें एका हेतूनें रचलेलें महाकाव्य असून तेंच धर्मशास्त्रही आहे, असें प्रतिपादन करणारा त्यांचा जर्मन ग्रंथ सन १८९५ मध्यें प्रसिद्ध झाला होता. सन १९०३ मध्यें ते जपानांत गेले असतां तेथील ख्रिस्ती मंडळींनीं त्यांच्यापाशीं एका उच्च विद्यालयाची मागणी केली. ती त्यांनीं पोप दहावे पायस यांच्या कानीं घातली. पोपमहाशयांनीं हें काम येशूसंघाकडे सोंपविलें, आणि सन १९०८ च्या ऑक्टोबरांत डालमान, फ्रान्सचे फादर बुशे व अमेरिकेहून आलेले फादर रॉकलिफ असे तिघे योकोहामा बंदरांत उतरले.

आतां प्रश्न असा कीं, विषय जर्मनच कां? गुरु जर्मन होते हें एक कारण खरें; पण तें मोठें कारण नव्हे. जपाननें जर्मन भाषा या धर्मगुरूंच्या येण्यापूर्वींच निवडली होती. सन १८७१ मध्यें प्रशियाचे दोन लष्करी वैद्य टोकियोंत येऊन वैद्यकी शिकवूं लागले. सन १८८५ पासून मेजर मेकेल यांनीं जपानी सैन्यास प्रशियाची युद्धविद्या शिकविली. सन १८८९ ची राज्यघटना रचतांना प्रशियाचा नमुना पुढें होता. वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान यांपैकीं कोणतीही विद्या शिकूं म्हणणाऱ्या जपानी तरुणास जर्मन ग्रंथ उघडावा लागे. रोग्याच्या टिपणपत्रास जपानांतील डॉक्टर आजही 'कारुते' म्हणतात, तो शब्द जर्मनच. तेव्हां आमच्या मतें या धर्मगुरूंचें धोरण दोन्ही देशांत एकच होतें. लोकांस जी भाषा हवी ती त्यांनीं शिकविली. मुंबईच्या विद्यार्थ्यास विश्वविद्यालयाची परीक्षा इंग्रजींत द्यावयाची होती, नगरच्या शेतकऱ्याच्या मुलास मराठी वाचावयाचें होतें, आणि टोकियोच्या विद्यार्थ्यास जर्मन हवी होती.

सन १९१३ च्या एप्रिलांत विद्यालय सुरू झालें. त्याचें जपानी नांव 'जोची', म्हणजे परमोच्च ज्ञान. 'सोफिया' हा त्याच अर्थाचा ग्रीक शब्द. तत्त्वज्ञान, जर्मन वाङ्मय व व्यापार अशा तीन शाखा होत्या, आणि फादर हेर्मान होफमान हे पहिले प्रमुख झाले. त्याच वर्षीं मोरी ओगाइ या जपानी लेखकानें केलेलें ग्योटेच्या 'फाउस्ट'चें भाषांतर प्रसिद्ध झालें. हे ओगाइ पेशानें लष्करी डॉक्टर. जर्मनींत वैद्यकी शिकावयास गेले आणि तेथून काव्यही घेऊन आले. जर्मन मुख्य विषय म्हणून घेणें म्हणजे काय, हें या एका उदाहरणानें कळतें. विद्यार्थी पोटाच्या विद्येसाठीं त्या दारांत शिरतो. पण आंत गेल्यावर त्याला सारें घरच दिसतें.

हा अभ्यास सोपा नव्हे. जपानी भाषेंत नामाला लिंग नाहीं. जर्मनमध्यें आपल्या मराठीसारखीं तीन लिंगें. आपण 'तें मूल' म्हणतों तसें जर्मन मनुष्यही मुलाला नपुंसकलिंगीच समजतो, हें आपणांस गमतीचें वाटेल. जपानी विद्यार्थ्यास मात्र तें पाठच करावें लागतें. उलट जर्मन गौणवाक्यांत क्रियापद शेवटीं जातें, तें जपानी व मराठी मनुष्यास घरच्यासारखें वाटावें. परकी भाषा शिकतांना आपलीच भाषा नव्यानें दिसूं लागते, ती अशी.

विद्यालयास सव्वा वर्ष होतें न होतें तोंच महायुद्ध पेटलें, आणि २३ ऑगस्ट १९१४ रोजीं जपाननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. शत्रूची भाषा शिकविणारें, शत्रूच्या देशांतील गुरूंचें हें विद्यालय आतां राहतें कीं जातें, असें कोणासही वाटलें असतें. तें राहिलें. होफमान आपल्या जागीं राहिले, आणि डालमान तर त्याच वर्षापासून टोकियोच्या शाही विद्यापीठांतही जर्मन वाङ्मय शिकवूं लागले. आपल्याकडे मात्र याच सुमारास त्यांच्या बंधूंना स्थानबद्ध करण्यांत आलें आणि पुढें जहाजावर घालून मायदेशीं धाडण्यांत आलें. आपल्या कित्येक मिशनांतील काम त्यामुळें पोरकें झालें. सन १९०३ मध्यें 'निरोप्या' हें आपलें मराठी मासिक काढणारे फादर हेन्री डोरिंग हे तेव्हां पुण्याचे बिशप होते. युद्धानें त्यांची व त्यांच्या मेंढरांची ताटातूट केली. पुढें त्यांची नेमणूक जपानांतच, हिरोशिमा प्रांतावर झाली, आणि सन १९२७ मध्यें ते पुन्हा आपल्या पुण्यास परतले. आपली मंडळी व जपानची मंडळी यांना जोडणारा हा दुवा आपल्यांतील पुष्कळांच्या स्मरणांतून गेला आहे, म्हणून तो येथें मुद्दाम नमूद करतों.

सन १९२३ च्या भूकंपानें विद्यालयाच्या इमारतीची मोठी हानि केली. तरीही सन १९२८ मध्यें त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भूकंपाच्या थोडे दिवस आधीं फादर हेर्मान होयफर्स तेथें आले होते. पुढें ते विद्यापीठाचे दुसरे प्रमुख झाले. त्यांनीं जपानी भाषा इतकी आत्मसात केली कीं, सोळाव्या शतकांतील होसोकावा ग्रेशिया या ख्रिस्ती सरदारपत्नीवर त्यांनीं जपानींत नाटक लिहिलें. सन १९३८ मध्यें विद्यापीठानें जपानी संस्कृतीविषयीं 'मोनुमेंटा निप्पोनिका' हें नियतकालिक काढलें. त्यांत युरोपच्या अनेक भाषांतून लेख येत. जर्मन शिकविणारे असे स्वतः जपानचे विद्यार्थी झाले.

परंतु सर्वांत कठीण कसोटी अजून व्हावयाची होती. सन १९३३ पासून जर्मनींत नाझींचें राज्य होतें आणि द्वेषाचे हुकूम त्याच जर्मन भाषेंत सुटत होते. मग अशी भाषा शिकावी कां? याचें उत्तर आम्हांस बर्लिनच्या तुरुंगांत सांपडतें. येशूसंघाचे फादर आल्फ्रेड डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजीं नाझींनीं तेथें फांशी दिलें. तत्पूर्वीं हात बेड्यांत असतां त्यांनीं जीं प्रार्थनापर चिंतनें लिहिलीं तींही जर्मनच होतीं. भाषा राजाची नसते; ती ज्याच्या मुखीं असेल त्याचें अंतःकरण बोलते.

युद्धानंतर जपानांत इंग्रजीचें राज्य आलें. वैद्यकीसाठीं वा कायद्यासाठीं जर्मन शिकण्याची निकड राहिली नाहीं. ज्या गरजेनें विषय सुरू झाला ती गरजच सरली, तेव्हां विषयही सरावा, असा व्यवहाराचा हिशेब. घडलें तें उलट. सन १९५८ मध्यें सोफियाच्या परकीय भाषांच्या नव्या शाखेंत जर्मनचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि जुना जर्मन वाङ्मयाचा विभागही चालूच राहिला. आजही तेथें विद्यार्थी दोन्ही वाटांनीं जर्मन हा मुख्य विषय घेऊं शकतात. गरजेनें दार उघडलें. घर टिकलें तें प्रेमानें.

हा इतिहास महोत्सवाच्या पुस्तकांत आम्हीं कां सांगितला? आपल्या धर्मग्रामांतील एखादी मुलगी उद्यां म्हणेल कीं, मला महाविद्यालयांत जर्मन घ्यावयाची आहे. घरांतील वडील माणसें लगेच विचारतील, 'त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न वावगा नव्हे. मुलांच्या भाकरीची काळजी आईबापांनीं करावयाची नाहीं तर कोणीं? पण त्या वेळीं आपण हेंही आठवावें कीं, फादर स्टीफन्स यांनीं मराठी शिकून घेतली नसती तर सन १६१६ चें ख्रिस्तपुराण आपणांस लाभलें नसतें, आणि डोरिंग यांनीं ती शिकून घेतली नसती तर 'निरोप्या' आपल्या दारीं आला नसता. परक्यांनीं आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, त्याचें फळ आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आहों. तें ऋण फेडण्याची एक रीत अशी कीं, आपल्या लेकरांपैकीं कोणीं तरी दुसऱ्याची भाषा तितक्याच कष्टानें शिकावी. ती मुलगी तसें म्हणेल त्या दिवशीं तिला आडवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.