बाळंतिणीची खोली आणि उंबऱ्याबाहेरच्या आया

गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर स्त्रीच्या मनाला जपावे लागते, ही जाणीव आधुनिक मानसोपचाराच्या कितीतरी आधीची असून तिची साक्ष ‘डोहाळे’ या शब्दातच सापडते. सुश्रुतसंहितेने चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे स्वतःचे आणि गर्भाचे अशी दोन हृदये असलेली, म्हटले आणि तिची इच्छा डावलल्यास गर्भात व्यंग येते असे बजावले; मराठी घरांतील डोहाळजेवण हे याच कल्पनेचे लौकिक रूप होय. त्यातील शरीरशास्त्र आज कोणी मानणार नाही, परंतु ज्या सुनेला सासरी एरवी काय हवे-नको कोणी विचारत नसे, तिला निदान काही महिने तसे विचारण्याचे बंधन घरावर आले, हे त्या समजुतीचे खरे मोल आहे.

पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणण्याचा रिवाजही याच जातीचा. बाळंतिणीची खोली अंधारी आणि कोंदट असे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तीवर टाकलेल्या ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, सुईणीच्या हातचे तेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू अशा उपचारांत सव्वा महिना जाई. पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाई आणि सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, या श्रद्धेने कोरा कागद आणि लेखणी मांडून घरच्या बायका जागत बसत. प्रसूतीनंतर हजारांत एखाद-दोघींना होणारी मनोविकृती, ज्यात झोप उडते, भास होतात आणि स्वतःच्या वा बाळाच्या जिवावर बेतू शकते, ती बहुधा पहिल्या पंधरवड्यातच उद्भवते. तो आजार ओळखून जागरण बेतले गेले असे म्हणता येणार नाही. त्याची लक्षणे दिसताच ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषी गाठला जात असे, हे विसरू नये. तरीही नेमक्या त्या दिवसांत बाळंतीण एकटी राहत नसे, हे खरे.

मात्र हा सारा आधार तिच्या कुंकवाला होता. गर्भवती झालेल्या विधवेला ना डोहाळे विचारले जात, ना माहेरची खोली मिळे. तिच्या वाट्याला विषारी औषधे, विहीर किंवा नवजात मुलाची हत्या येई. पुण्यात अशाच एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यानंतर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्त्यांतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. 1884 मध्ये जोतीरावांनी दिलेल्या माहितीनुसार तोवर तेथे 35 विधवा बाळंत झाल्या होत्या. मुलांपैकी पाच जगली आणि उरलेली, आयांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या औषधांनी पोटातच इजा झाल्यामुळे, दगावली. या आकड्यांमागे काय भीती असेल, याची कल्पना करवत नाही. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. दोष न देता, नाव न विचारता बाळंतपण करणाऱ्या या घराला मानसिक आधाराच्या इतिहासात अग्रस्थान द्यायला हवे, ते अजून दिले गेलेले नाही. 1875 मध्ये पंढरपुरात असाच आश्रम निघाला, आणि सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेनंतर 1882 मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषाच्या वाट्याचा दोष स्पष्ट शब्दांत मांडला.

विवाहितेचे दुःख मोजले जायला मात्र आणखी शतकभर जावे लागले. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 मध्ये एडिंबरा येथे दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातील 270 गर्भवतींचा मागोवा घेऊन 2002 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्याची मुळे दारिद्र्यात, नवऱ्याशी बिनसलेल्या संबंधांत आणि मुलगा हवा असताना मुलगी होण्यात होती. म्हणजे कुंकू असले तरी आधाराला अट होतीच, फक्त ती आता मुलाची होती.

पुढे गोव्यातच, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्त्रिया नैराश्याने ग्रासलेल्या गर्भवतींच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलत बसू लागल्या आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत हे जाणेयेणे चालू राही. या स्त्रियांना तेथे ‘सखी’ म्हणत.