सही कोणाची?

गेल्या मे महिन्यात गावच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढला. काका-बाबांची वाटणी व्हायची होती. पीडीएफ उघडली तर आजोबांच्या नावाखाली एका बाईचं नाव होतं, मी आधी कधीच न ऐकलेलं. बाबांना स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "ही कोण?" दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. रात्री फोन केला तेव्हा म्हणाले, "माझी आत्या. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. आजारी होती ती."

'आजारी' म्हणजे काय, हे कळायला आणखी महिना गेला. वाटणीसाठी तिच्या मृत्यूचा दाखला हवा होता आणि तो ना माहेरच्या गावात होता, ना सासरच्या. शेवटी आजोबांच्या ट्रंकेतल्या एका फायलीत दोन कागद निघाले. पहिला १९६९ सालचा, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची टाईप केलेली नक्कल. नवऱ्याचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटची सही आणि वर कायद्याचं नाव : इंडियन ल्युनसी ॲक्ट, १९१२. दुसरा कागद म्हणजे १९७८ सालचं एक इनलँड लेटर. मनोरुग्णालयाच्या कार्यालयाने आजोबांना लिहिलेलं. पेशंटची प्रकृती सुधारली आहे, देखभालीची हमी घेणाऱ्या नातेवाइकाने येऊन तिला घेऊन जावे.

ती १९९१ मध्ये तिथेच वारली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कायद्याशी माझा संबंध 'आय ॲग्री'वर टिक करण्यापुरता. पण त्या नकलेवरच्या सह्या डोक्यातून जाईनात, म्हणून हे कायदे जुन्यापासून नव्यापर्यंत वाचून काढले. एखाद्या जुन्या प्रोजेक्टचा कोड वाचावा तसे, एकच प्रश्न घेऊन. कोणाची सही झाली की माणूस आत जातो आणि कोणाची झाली की बाहेर येतो?

सुरुवात १८५८ ची. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, त्याच वर्षी ३४, ३५ आणि ३६ क्रमांकाचे तीन कायदे एकापाठोपाठ झाले. पहिल्या दोनांना मुख्य काळजी होती ती वेड लागलेल्या माणसाच्या मालमत्तेची, आणि तिसरा होता वेड्यांच्या इस्पितळांचा. हा क्रम मला बोलका वाटतो. आमच्या घरातही तिचं नाव पन्नास वर्षांनी वर आलं ते जमिनीमुळेच.

१९१२ चा कायदा या सगळ्यांची मोट बांधणारा. 'ल्युनॅटिक' कोण? तर जो इडियट आहे किंवा ज्याचं मन ठिकाणावर नाही तो. व्याख्या एवढ्यावर संपते. कायद्याचा उरलेला भाग कार्यपद्धतीचा आहे आणि तो वाचताना मी चकित झालो, कारण ती बरीच काटेकोर आहे. अर्ज नवऱ्याने, बायकोने किंवा नातेवाइकाने करायचा. अर्जदाराने त्या माणसाला गेल्या चौदा दिवसांत स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. दोन डॉक्टरांचे दाखले हवेत. मॅजिस्ट्रेटने हे सगळं तपासून 'रिसेप्शन ऑर्डर' द्यायची. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस उचलून मॅजिस्ट्रेटपुढे आणू शकत. यामागे इंग्लंडमधली भीती होती : शहाण्या माणसाला इस्टेटीसाठी वेडा ठरवून कोंडतील ही. तिथल्या १८९० च्या कायद्यात ती भीती पानोपानी दिसते. म्हणून आत जायच्या दारावर पहारेकरी बसवले.

आणि बाहेर यायचं दार? तेही होतं. प्रत्येक इस्पितळाला किमान तीन 'व्हिजिटर' नेमायचे, त्यांतल्या दोघांनी तरी दर महिन्याला पाहणी करायची. तिघे व्हिजिटर मिळून एखाद्याला सोडण्याचा हुकूम देऊ शकत. ज्याने अर्ज करून आत टाकलं, त्याने मागणी केली तरी सुटका होऊ शके. नातेवाइकाने 'मी सांभाळतो' असं लिहून दिलं तरी होऊ शके. पण आत असलेल्या माणसाची सही यात कुठेच लागत नाही. आणि मुदत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट नाही. कोणी काहीच केलं नाही, तर ऑर्डर चालूच राहते. १९६९ चा तो हुकूम १९९१ पर्यंत चालू राहिला, कारण तो बंद करायला कोणी गेलं नाही.

आपल्या बोलण्यात या इमारती फार आधी शिरल्या. पुण्याकडे 'याला येरवड्याला पाठवा', मुंबईकडे 'ठाण्याला भरती करा'. नागपुरात तर चौकालाच पागलखाना चौक म्हणतात आणि रिक्षावाला त्याच नावाने सोडतो. मी स्वतः हॉस्टेलवर हे विनोद शेकड्याने केलेत. 'पाठवा' आणि 'भरती करा' ही क्रियापदं आहेत. 'आणा' असं त्या वाक्यात कधी येत नाही, हे तेव्हा जाणवलं नव्हतं.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालासोबत कर्नल मूर टेलर यांची देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, बहुतेक ठिकाणी उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याकडेच कल आहे. स्वातंत्र्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५० मध्ये नव्या कायद्याचा मसुदा तयार केला. तो प्रत्यक्षात यायला किती वेळ लागावा? मेंटल हेल्थ ॲक्ट संमत झाला १९८७ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल १९९३ रोजी. म्हणजे राज्यघटना आली, व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१ आलं, आणीबाणी येऊन गेली, आणि या सगळ्या काळात देशात माणसाला 'ल्युनॅटिक' ठरवून आत टाकणारा कायदा १९१२ चाच होता. आत्याआजी त्या लागू होण्याच्या दोन वर्षं आधी गेली.

या मधल्या काळात काय होत होतं त्याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण आसाममधल्या मचांग लालुंग यांचं. १९५१ मध्ये मारहाणीच्या आरोपाखाली त्यांना पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. त्यांना घरी न सोडता गुवाहाटीच्या तुरुंगात हलवण्यात आलं. खटला कधी चाललाच नाही. २००५ मध्ये ते सुटले, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याची शिक्षा जास्तीत जास्त दहा वर्षांची असते.

लालुंग यांच्यावर निदान आरोप तरी होता. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कसलाही आरोप नसलेली माणसं ठेवलेली होती, आणि सरकारी कागदांत त्यांना नाव होतं 'नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक'. गुन्हा नाही हे नावातच लिहिलेलं, आणि पत्ता तुरुंगाचा! याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे. महाराष्ट्रातल्या पोलीस कोठड्यांमधल्या स्त्रियांसाठी १९८३ चा निकाल मिळवला तो त्यांनीच. ऑगस्ट १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. हे सांगायला १९९३ उजाडावं लागलं.

१९८७ च्या कायद्याने 'ल्युनॅटिक' हा शब्द काढला. 'रिसेप्शन ऑर्डर' तशीच ठेवली. वर एक नवी वाट दिली, कलम १९. नातेवाइकाने किंवा मित्राने विनंती केली आणि दोन डॉक्टरांनी दाखला दिला, की नव्वद दिवसांपर्यंत माणसाला त्याच्या संमतीशिवाय भरती करता येई, मॅजिस्ट्रेटकडे न जाता. हेतू चांगला असावा. कोर्टकचेरीच्या नुसत्या नावाने घाबरणाऱ्या कुटुंबांना दिलासा. पण १९६९ मध्ये आत्याआजीच्या नवऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं तरी राहावं लागलं होतं. १९९३ नंतर तेही गेलं. शिवाय हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहेच. बायकांच्या संघटनांनी या कलमावर बोट ठेवलं ते उगाच नाही.

आणि मग एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ ची पहाट. तमिळनाडूत, दर्ग्याच्या आधाराने चालणारं एक खासगी 'मेंटल होम'. छपराला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. अठ्ठावीस जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक त्यांच्याच घरचे, आणि ते दुष्ट नव्हते. जवळपास दुसरं काही नव्हतं, आणि दर्ग्यावर श्रद्धा होती. या घटनेने सर्वोच्च न्यायालय स्वतःहून जागं झालं. कायद्यात परवाना-तपासणी सगळं होतं; कागदावर.

पुढचा बदल बाहेरून आला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला आणि आपले कायदे त्याला जुळवणं भाग पडलं. नव्या मसुद्याचं बरंचसं काम पुण्यात झालं, आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रात, डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षेऐवजी मदत, ही त्याची बातम्यांत गाजलेली बाजू. मला महत्त्वाचं वाटतं ते कलम ८९.

या कलमाप्रमाणे संमतीशिवाय भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. 'वेडा आहे' एवढं पुरत नाही. त्याने अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली, करण्याची धमकी दिली, किंवा जिवाला धोका होईल इतकं त्याचं स्वतःकडे दुर्लक्ष झालं आहे, असं काहीतरी ठोस दिसलं पाहिजे. मुदत तीस दिवस. सात दिवसांत रिव्ह्यू बोर्डाला कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर बोर्डाची मंजुरी, आणि ती पुन्हा पुन्हा घ्यायची. बोर्डावर न्यायाधीश, डॉक्टर यांच्यासोबत स्वतः आजारातून गेलेली माणसं किंवा त्यांची काळजी घेणारे असू शकतात. आणि बरे असताना आपण आधीच लिहून ठेवू शकतो : मला असे उपचार द्या, असे देऊ नका, माझ्या वतीने हा माणूस बोलेल. हा माणूस नवराच असायला हवा असं नाही.

टाइमआउट आला. एकशे सहा वर्षांनी.

याचं नुसतं कौतुक करून मी थांबलो असतो, पण टीममधल्या एका मित्राचा भाऊ आहे. आजार बळावला की तो जेवण बंद करतो, आई विष घालते म्हणून. घरचे त्याला घेऊन एका खासगी रुग्णालयात गेले तर आधी तपासण्या, मग फॉर्म, मग 'आमच्याकडे दुसरे तज्ज्ञ उद्या येतील'. मित्र म्हणाला, "तुझा कायदा छान आहे रे, पण रात्री दोन वाजता तो माझ्या घरात नसतो." अनेक मानसोपचारतज्ज्ञांचाही आक्षेप याच अंगाने आहे : कागद वाढले, जिल्ह्या-जिल्ह्यात बोर्डं हवीत ती वेळेवर झाली नाहीत, आणि संशयाची सुई कुटुंबावर रोखलेली. यात तथ्य आहे. तातडीच्या वेळी बहात्तर तासांपर्यंत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार देऊ शकतो अशी सोय याच कायद्यात आहे, पण ती त्या रात्री रुग्णालयाच्या काउंटरवर कोणालाच माहीत नव्हती. तरीही त्या दोन सह्या कमी कराव्यात असं मला वाटत नाही. १९६९ ची नक्कल माझ्या टेबलावर आहे.

माझा खरा अडखळा कलम १९ पाशी झाला. नव्या कायद्यातलं १९, जुन्यातलं नव्हे; योगायोगाने आकडा तोच. ते म्हणतं, केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी निमघरं वगैरे सरकारने उभी करायची. वाचायला किती सोपं! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की, मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवा. २०२३ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयापुढे जी माहिती आली, तीत राज्याच्या रुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ असलेले शेकडो लोक होते. त्यांतले कितीतरी घरी जाण्याजोगे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. १९७८ च्या इनलँड लेटरसारखी पत्रं अजून जात असणार.

ते पत्र मी बाबांसमोर ठेवलं तेव्हा जरा चिडूनच विचारलं, "आजोबा का नाही गेले?"

बाबांनी चष्मा काढला. "दोन खोल्या होत्या. आम्ही पाच भावंडं. मोठ्या ताईचं लग्न ठरत होतं. पाहुण्यांसमोर तिला कुठे ठेवणार होते?" मग थोड्या वेळाने, "दर दिवाळीला मनीऑर्डर करायचे. आईला माहीत नव्हतं."

मी त्यांना कलम १९ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्या बायका कुठे राहतात?"

मृत्यूच्या दाखल्यासाठी रुग्णालयाच्या गावच्या नगरपालिकेत अर्ज केला आहे. अर्जात एक रकाना होता, मृत व्यक्तीशी नातं. बाबांनी तिथे 'भाचा' लिहून सही केली.