चक्रवाढ व्याज तारखांमध्ये शोधा

सरळव्याज कायम मूळ मुद्दलावर लागतं, चक्रवाढ व्याज थकलेल्या व्याजावरही लागतं. हे तुम्ही शाळेतच शिकलात. पण एकोणिसाव्या शतकातली कर्जखतं वाचायला घेतलीत, तर हा फरक व्याजदरात दिसेलच असं नाही. तो खतांच्या तारखांमध्ये शोधावा लागतो.

समजा, कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २ रुपये, तेही सरळ. तीन वर्षांचं व्याज झालं ७२. काहीच फेडलं नाही, तर नऊ वर्षांनी देणं ३१६. आता दर तीन वर्षांनी खत नवं केलं आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरलं, तर देणं आधी १७२, मग सुमारे २९६ आणि शेवटी ५०९. प्रत्येक खतावर सरळव्याजच लिहिलेलं आहे, तरी हिशेब चक्रवाढीचा झाला.

तीनच वर्षं का? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा लावायला तीन वर्षं दिली. त्यातून ऋणकोचं रक्षण व्हायचं होतं. झालं उलटंच: मुदत संपायच्या आत सावकार खत बदलून घेऊ लागले. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियमही यात निष्प्रभ ठरला. १०० वर ७२, १७२ वर १२४. व्याज मुद्दलापुढे जातंय कुठे? पहिलंच खत कायम राहिलं असतं, तर वसुली २०० वर थांबली असती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे दंगा उसळला आणि पुढे पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कागदांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खतामागे जाऊन पहिल्यापासून हिशेब करायला लावला. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. मुद्दलात मिसळलेलं व्याज सहसा मुद्दल धरायचं नाही.

वाशीमची कागदपत्रं अभ्यासणार असाल, तर एक लक्षात घ्या. हा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वाशीम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या वऱ्हाडात होतं. म्हणून पुण्याचे निष्कर्ष इथे तसेच लावू नका.

एकच खत पाहून व्याजाचा प्रकार ठरवू नका. त्याच ऋणकोची सगळी खतं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक वेळी हातात रोख किती पडली, ते वेगळं लिहा. नवं मुद्दल जर आधीच्या मुद्दल-व्याजाच्या बेरजेइतकंच निघालं, तर चक्रवाढ सापडली.