निरोप समारंभ ते निकाल : सीताबर्डीतील शाळांची वर्षअखेर आणि विद्यार्थ्यांचा आधार

जानेवारी सरत आला की सीताबर्डीच्या बाजारपेठेला दोन चेहरे येतात. एकीकडे लग्नसराईची खरेदी असते. दुसरीकडे सराव प्रश्नसंच, पॅड, पेन आणि नकाशे घेण्यासाठी गणवेशातील मुलामुलींची दुकानांत गर्दी होते. मोरभवनच्या बसथांब्यावर, आणि मार्च २०१९ पासून सुरू झालेल्या मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकावर, चर्चा एकच असते. पेपर केव्हा सुरू होणार? परीक्षेपूर्वी टेकडीच्या गणपतीला जाऊन येण्याचा नागपूरकरांचा रिवाज आजही टिकून आहे. शासकीय पटवर्धन हायस्कूलसारखी जुनी शाळा याच परिसरातली. शहराच्या सर्व भागांतून मुले येथे येत असल्याने माध्यमिक शाळेची वर्षअखेर कशी असते, हे सीताबर्डीत जवळून पाहता येते.

या दोन-तीन महिन्यांत निरोप, परीक्षा, निकाल आणि पुढचा प्रवेश असे चार टप्पे मुलांना पार करावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर कोणती मदत मिळते, याची माहिती बहुतेक घरांत उशिरा पोहोचते. ती वेळेवर पोहोचावी, हा या लेखाचा हेतू आहे.

निरोपाचा दिवस

स्नेहसंमेलन आटोपले की पूर्वपरीक्षा होते. त्यानंतर नववीचे विद्यार्थी दहावीच्या विद्यार्थ्यांना निरोप देतात. काही शाळांत यालाच शुभेच्छा समारंभ म्हणतात. फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलेला मजकूर, शिक्षकांची चार शब्दांची भाषणे, वर्गाने शाळेला दिलेली एखादी भेटवस्तू, अल्पोपाहार आणि छायाचित्र असे त्याचे स्वरूप वर्षानुवर्षे ठरलेले आहे. मात्र याच सुमारास करावयाची काही कामे या धामधुमीत मागे पडतात. प्रवेशपत्रावरील नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषय आणि माध्यम तपासून घेणे हे त्यांतील पहिले काम होय. चूक आढळल्यास ती मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडून तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे वैदर्भीय बोलीतील 'टीसी', आणि गुणपत्रिका यांतील नोंदी जुळल्या नाहीत, तर प्रत्येक प्रवेशाच्या वेळी हेलपाटे घालावे लागतात.

मंडळ आणि परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या अधिनियमानुसार १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. मंडळाचे मुख्यालय पुण्यात असून राज्यात नऊ विभागीय मंडळे आहेत. नागपूर विभागीय मंडळाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. जुन्या अकरावी मॅट्रिकऐवजी दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. 'मार्चची परीक्षा' हा शब्द तेव्हापासून रुळला असला, तरी वेळापत्रक आता अलीकडे सरकले आहे. २०२५ साली ही परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली.

भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. हे अंतर्गत गुण एका वर्षी काढून घेण्यात आले होते. त्याचा परिणाम लगेच दिसला. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला. त्यानंतर हे गुण पुन्हा देण्यात आले. प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पूर्वी सुरुवातीला दहा मिनिटे मिळत. २०२३ पासून ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून दिली जातात. वेळेशी झगडणाऱ्या मुलांना हा बदल उपयोगी पडतो.

नागपूर विभाग मागे का?

निकालाच्या आकडेवारीत नागपूरकरांना विचार करायला लावणारी एक बाब आहे. २०१९ साली राज्यातील सर्वांत कमी निकाल नागपूर विभागाचा, ६७.२७ टक्के, लागला. त्यानंतर २०२३ मध्ये ९२.०५, २०२४ मध्ये ९४.७३ आणि २०२५ मध्ये ९०.७८ टक्के निकाल लागून हा विभाग सलग तीन वर्षे नऊ विभागांत शेवटी राहिला. २०२५ साली पहिल्या क्रमांकावरील कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के होता.

हे आकडे केवळ शहराचे नाहीत. गडचिरोलीच्या दुर्गम भागातील आश्रमशाळा आणि सीताबर्डीतील शाळा एकाच विभागात मोजल्या जातात. म्हणून या आकड्यावरून एखाद्या शाळेला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु शंभरातील नऊ मुले पहिल्या प्रयत्नात मागे राहतात, तेव्हा त्या नऊ जणांसाठी काय व्यवस्था आहे, हा प्रश्न उत्तीर्णांच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अनुत्तीर्णांसाठीचे मार्ग

पूर्वी मार्चमध्ये राहिलेला विषय ऑक्टोबरमध्ये द्यावा लागे आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेण्यात येऊ लागली. त्यामुळे त्याच वर्षी अकरावीत जाण्याची संधी मिळते. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला 'एटीकेटी'च्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. उत्तीर्ण होऊनही गुणांबाबत समाधान नसेल, तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षेला बसता येते.

गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. ती विषय शिक्षकांना दाखवून मगच निर्णय घ्यावा. या अर्जांची मुदत थोडी असते. निकालाच्या धक्क्यात ते दिवस निघून जातात आणि हक्काची संधी हुकते. शाळा मध्येच सुटलेल्यांना खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे '१७ नंबरचा फॉर्म' भरून, दहावीला बसण्याचा मार्ग खुला आहे.

विशेष गरजा असलेली मुले

वाचन-लेखनात सतत अडखळणारे मूल आळशी असते, असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून त्यांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक आणि गणकयंत्र यांसारख्या सवलती मिळू शकतात. त्यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. ही प्रक्रिया परीक्षेच्या तोंडावर पूर्ण होत नाही. आठवी-नववीतच शिक्षकांच्या शंकेची दखल पालकांनी घेतली, तर दहावीचे वर्ष सुसह्य होते.

मनाचा आधार

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र पहिला होता. या घटनांमागे एकच कारण नसते. परीक्षेतील अपयश हे त्यांतील एक. मूल अबोल झाले, जेवणझोप बिघडली, 'माझा काही उपयोग नाही' असे वारंवार म्हणू लागले, तर उपदेश न करता आधी त्याचे ऐकून घ्यावे आणि तज्ज्ञाची मदत घ्यावी.

परीक्षेच्या काळात मंडळ दरवर्षी विभागनिहाय समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. शाळेच्या सूचनाफलकावर ते लावलेले असावेत. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असणे अपेक्षित आहे. आपल्या शाळेत ही व्यवस्था आहे काय, हे पालक सभेत विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

इतर वर्गांची वर्षअखेर

दहावीच्या गडबडीत खालच्या वर्गांकडे दुर्लक्ष होऊ नये. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी फेरपरीक्षा लागू केली. त्यामुळे आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नाही, हा समज आता चुकीचा ठरतो. २०२५ साली या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबल्या, तेव्हा विदर्भातून उन्हामुळे विरोध झाला. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जात असल्याने येथे शाळा सकाळच्या सत्रात भरतात. याच कारणाने विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात.

आठवीतील गरजू विद्यार्थ्यांनी आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेकडे लक्ष द्यावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असलेल्या निवडक विद्यार्थ्यांना नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत मिळत असली, तरी नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. म्हणून निकालाच्या दिवशी आपली पुस्तके शाळेच्या पुस्तकपेढीत जमा करणे, ही धाकट्यांना मोठी मदत आहे.

निकालानंतर

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पूर्वी नागपूरसह मोजक्या महानगरपालिका क्षेत्रांत होत. २०२५ पासून ते संपूर्ण राज्याला लागू झाले. पसंतीक्रम भरण्यापूर्वी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आवश्यक असल्यास नॉन-क्रिमीलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र हाती असावे. निकालानंतर या दाखल्यांसाठी झुंबड उडते. त्यामुळे अर्ज मे महिन्याच्या आधीच करून ठेवावा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतर स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी 'महाज्योती' ही २०१९ साली स्थापन झालेली संस्था अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देते. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे, हे अनेक नागपूरकर पालकांना ठाऊक नसते.

निरोपाच्या दिवशी शिक्षक 'शाळेला विसरू नका' असे सांगतात. शाळेनेही या मुलांना निकालापर्यंत विसरू नये. निकालाच्या दुपारी पेढे घेऊन येणारे विद्यार्थी शिक्षकांना भेटतातच. जे त्या दिवशी शाळेत येत नाहीत, त्यांच्या घरी वर्गशिक्षकांनी एक दूरध्वनी करावा. पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा एवढे जरी त्या मुलाला त्या दिवशी कळले, तरी त्याचे वर्ष वाचू शकते.