पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचा पत्रव्यवहार : एका ऐतिहासिक साधनाची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास प्रामुख्याने सेनापतींचे अहवाल, सरकारी खलिते आणि अधिकाऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारे लिहिला गेला आहे. सामान्य शिपायाला या साधनांत संख्येपलीकडे फारसे स्थान नाही. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार समुद्रापार गेले. त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर अथवा अल्पशिक्षित होते. तरीही त्यांनी घरी लाखो पत्रे पाठविली. ही पत्रे शिपायाच्या मनाचा ठाव देतात काय, आणि देत असल्यास किती प्रमाणात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

पत्रांचे जतन कसे झाले?

लाहोर व मेरठ या दोन डिव्हिजनांचे सैन्य सप्टेंबर १९१४ अखेरपासून मार्सेय बंदरात उतरू लागले. महायुद्धाच्या काळात सुमारे १,३८,००० भारतीय फ्रान्समध्ये गेले. पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलविण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या प्रारंभापर्यंत तेथेच राहिले. गदर चळवळीचे साहित्य पलटणींत पोहोचेल, या भीतीने सरकारने भारतीय टपालाच्या तपासणीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. ई. बी. हॉवेल हे तिचे पहिले प्रमुख होते. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील भारतीय सैनिक दर आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. त्यांतील निवडक पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून साप्ताहिक अहवालास जोडले जात. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिस्सी यांनी १९९९ मध्ये त्यांतील पत्रांचे संकलन प्रसिद्ध केल्यानंतर या साधनाकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक वेधले गेले.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. ज्या यंत्रणेने शिपायाच्या बोलण्यावर पहारा ठेवला, तिच्याचमुळे त्याचे बोलणे टिकून राहिले. मूळ पत्रे बहुतांशी नष्ट झाली. उरले ते पाळतीचे दप्तर.

पत्र आणि शिपाई यांमधील थर

या पत्रांवर अनेक हातांचे ठसे आहेत. शिपाई सांगे आणि पलटणीतील लेखनिक लिही. लेखनिकाची भाषा, मायन्याचे संकेत व पत्रलेखनाची ठरीव वळणे त्यात आपोआप उतरत. नंतर पलटणीतील अधिकारी ते पाही, पुढे मुख्य कार्यालयात त्याची छाननी होई आणि निवड झाल्यास त्याचे भाषांतर होई. गावीही हाच प्रकार उलट क्रमाने घडे. पत्र वाचून दाखविण्यासाठी कोणा साक्षर माणसाकडे जावे लागे. त्यामुळे पत्नीला लिहिलेले पत्रही खऱ्या अर्थाने खाजगी नसे.

आपली पत्रे उघडली जातात, हे सैनिकांना लवकरच कळून चुकले. त्यांनी यावर सांकेतिक भाषेचा मार्ग शोधला. भारतीय सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्या सैनिकांना लाल मिरची म्हणण्याचा संकेत प्रसिद्ध आहे. काळी मिरी संपत आली, असे लिहिले की गावच्या माणसाला मनुष्यहानीची कल्पना येई. अर्थात तपासनिसांनाही हे संकेत उलगडत. सैनिकांच्या पत्रांतून कविता वाढू लागल्या आहेत, ही गोष्ट हॉवेल यांनी १९१५ च्या प्रारंभी अस्वस्थ मनाचे लक्षण म्हणून नोंदविली, हे या संदर्भात बोलके आहे.

पत्रांतील विषय

या पत्रांत राजनिष्ठेची भाषा वारंवार येते. तिला निव्वळ ढोंग म्हणणे जसे चुकीचे, तसेच ती अक्षरशः स्वीकारणेही चुकीचे ठरेल. बादशहाचे मीठ आणि कुळाची इज्जत या कल्पना शिपायाच्या जगण्याचा भाग होत्या. शिवाय पत्र सुखरूप पोहोचण्यासाठी त्या उपयोगीही होत्या. याच पत्रांतून भावांना वा नातलगांना सैन्यात भरती होऊ नका, असे आडवळणाने सुचविलेले आढळते. जखमी शिपायाला बरा होताच पुन्हा खंदकात धाडले जाते, याविषयीची निराशा १९१५ मधील इस्पितळातील पत्रांत स्पष्ट दिसते.

तथापि पत्रांचा मोठा भाग घराने व्यापलेला आहे. पीकपाणी, जमिनीचे वाद, सावकाराचे देणे, घरी पाठविलेली रक्कम आणि मुलांचे लग्न हे विषय सतत येतात. घरून पत्र न आल्याची तक्रार तर पदोपदी आहे. फ्रान्समधील स्त्रिया शिकलेल्या आहेत, शेती व घर सांभाळतात, हे पाहून मुलींना शाळेत घालण्याचा आग्रह काहींनी धरला. रणांगणावरील माणूस पत्राच्या द्वारे घरातील कर्तेपण टिकवू पाहत होता.

महाराष्ट्राचा संदर्भ

फ्रान्समधील सैन्यात पंजाबी व पठाण सैनिकांचे प्राबल्य असल्याने मराठी पत्रांचे प्रमाण तेथे अल्प आहे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेल येथे लढल्या. परंतु मराठा पलटणींची मुख्य रणभूमी मेसोपोटेमिया ही होती. कुतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही अडकल्या. शरणागतीनंतर सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले आणि अनेक घरांचा पत्रव्यवहार तुटला.

याच कुतमधून कैदेत गेलेले वैद्यकीय अधिकारी कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी यांचे उदाहरण तुलनेसाठी महत्त्वाचे आहे. त्यांनी घरी लिहिलेली बंगाली पत्रे कुटुंबाने जपली. १९१७ मध्ये कैदेत त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी ती पत्रे ‘कल्याण-प्रदीप’ या १९२८ मधील चरित्रात समाविष्ट केली. इंग्रजांनी शिकविलेल्या राष्ट्राभिमानातूनच हा रक्तपात घडतो आहे, असा परखड विचार त्यांत आढळतो. मुखर्जी सुशिक्षित होते आणि स्वतःच्या हाताने लिहीत होते. शिपायाला या दोन्ही गोष्टी क्वचितच लाभल्या.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सैनिकांची पत्रे म्हणजे त्यांच्या अंतरंगाचा थेट आरसा नव्हे. तपासणी होणार, हे ठाऊक असताना माणसाने काय सांगितले आणि काय गाळले, याचा तो पुरावा आहे. या पत्रांतील मौनही मजकुराइतकेच काळजीपूर्वक वाचावे लागते. न्यूव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर सुमारे ४,७०० भारतीयांची नावे कोरलेली आहेत. ती नावे ज्या घरांतली, त्या घरांचा आवाज मात्र दप्तरात फारच क्षीण आहे. साताऱ्याजवळचे आपशिंगे ‘मिलिटरी’ या जोडनावानेच ओळखले जाते. अशा गावांतील जुन्या पेट्यांतून मोडीत वा बाळबोध लिपीत लिहिलेले एखादे पत्र, पेन्शनचा कागद किंवा मनिऑर्डरची पावती मिळाली, तर ती पाळतीच्या दप्तराबाहेरची साक्ष ठरेल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक पातळीवर असे कागद शोधून त्यांची नोंद करणे, हे काम आता लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही.