दार, फलाट आणि मधली फट

वाकोल्याला लोकलचे स्वतःचे स्थानक नाही. इथला प्रवासी पायी, रिक्षाने किंवा बेस्टच्या बसने सांताक्रूझ गाठतो आणि पश्चिम रेल्वेची गाडी पकडतो. बसमध्ये चढउताराची सुरक्षा बरीचशी कंडक्टरच्या हाती होती: एक घंटा थांबण्याची, दोन निघण्याची. जुन्या दुमजली बसचा मागचा कोपरा मात्र उघडाच असे, आणि सिग्नलला गाडी मंदावली की लोक तिथून सर्रास उड्या टाकत. साधी दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या वातानुकूलित दुमजलीची दारे यंत्राने मिटतात.

लोकलचे दुखणे जुने आणि अवघड. या मार्गावर विजेची गाडी १९२८ पासून धावते. डब्यांना सरकती दारे आहेत, पण ती उघडीच राहतात. गाडी थांबते अर्धा मिनिट, तेवढ्यात उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भिडतात. शिवाय बंद डब्यात गर्दीचा जीव घुसमटतो.

दुसरा धोका फटीचा. उंच फलाटाचे प्रमाण ७६० ते ८४० मिलिमीटर होते, डब्याचे पायदान त्याहून बरेच वर. रुळांखाली नवी खडी पडली की रूळ उचलले जातात आणि फलाट आणखी खुजा ठरतो. वळणावरच्या स्थानकात फट रुंदीनेही वाढते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने प्रश्न लावून धरला आणि फलाट ९०० मिलिमीटरच्या पुढे उचलण्याचे काम सुरू झाले. फलाट पायदानाशी थेट भिडवता येत नाही, कारण डबे धावताना डोलतात.

दारांचे उत्तर २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली-चर्चगेट मार्गावर दिसले: पहिली वातानुकूलित लोकल, जिची दारे मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. साध्या लोकलला मात्र उघडे दारच राहिले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्यू पावल्यावर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. हवेसाठी दारांना झडपा आणि छतावर वायुवीजन यंत्रे अशी ती योजना होती.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू झाली. तिच्या सांताक्रूझ स्थानकात फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे; गाडी थांबल्यावरच तिची दारे डब्याच्या दारांसमोर उघडतात आणि फलाट डब्याच्या पातळीत असतो.